सहाव्या सिलेंडरचं पाणी

“आधी ती पाटी काढा, वकीलसाहेब. मग मी इंजिनाला हात लावतो.”

वकीलसाहेब माझ्याकडे पाहतच राहिले. चंद्रपूरहून ट्रकवर चढवून आणलेली त्यांची गाडी मूल गावातल्या माझ्या घरासमोर उभी होती. जुनी अमेरिकन, लांब नाकाची, सहा सिलेंडर एकामागे एक रांगेत. त्यांच्या आजोबांनी, ते सागवानाचे ठेकेदार होते, ती आलापल्लीच्या जंगलात फिरवलेली. नुकतीच नागपूरच्या एका मोठ्या गॅरेजातून नवीकोरी होऊन आली होती. रंग आरशासारखा, क्रोम झगझगीत. बोनेट उघडलं की समोरच्या पत्र्यावर त्या गॅरेजच्या शेठची जाडजूड पितळी पाटी. फक्त चढ लागला की गाडी उकळायची.

“पाटीनं तुमचं काय बिघडवलं जी?”

“लय बिघडवलं.”

तरुणपणी मी त्याच शेठकडे नोकरीला होतो. इंजिन मी बांधायचो, पाटी त्याची लागायची. एकदा म्हणालो, खाली कोपऱ्यात माझंही नाव टाका. तो सगळ्या कामगारांसमोर हसला. “तुझं नाव मूलले जाऊन ट्रॅक्टरवर टाक!” पाने-पक्कड त्याच्या टेबलावर आपटून मी गावी आलो आणि घराशेजारी टिनाचं शेड टाकलं. ट्रॅक्टरही केले, भातगिरण्यांची इंजिनंही केली. मग लोक जुन्या गाड्या घेऊन शोधत यायला लागले. ते हसणं मात्र मी विसरलो नाही.

पाटी काढून माझ्याकडे ठेवली आणि सौदा असा ठरला. गाडी न उकळता जिवतीचा घाट चढली, तर त्या जागी माझी पाटी लागेल. नाही चढली, तर शेठची पाटी मीच घासूनपुसून परत ठोकून देईन.

“अन् मी डिझेल इंजिन बसवून टाकीन,” वकीलसाहेब म्हणाले. “बस झालं आता. दर वेळी दुसऱ्या गाडीले बांधून टोचन करून आणून राह्यलो.”

हे मला झोंबलं. जुन्या गाडीतून तिचं सहा सिलेंडरचं पेट्रोल इंजिन काढून डिझेल टाकायचं, म्हणजे वाघाच्या कातड्यात बकरी उभी करायची. आवाजच सगळं सांगून जातो.

पहिल्यांदा सहाही स्पार्क प्लग काढून ओळीने मांडले. प्लग म्हणजे सिलेंडरची जीभ. डॉक्टर जीभ पाहतो तसा मेकॅनिक प्लग पाहतो. पुढचे चार बिस्किटाच्या रंगाचे होते, म्हणजे तब्येत ठीक. मागचे दोन खडूसारखे पांढरे, म्हणजे तिथं आग जास्त. जादा हवेनंही प्लग पांढरा पडतो, म्हणून कुठून हवा शिरते का ते आधी तपासलं. शिरत नव्हती. मग इंजिन चालू करून वरून पाण्याचे थेंब टाकत गेलो. पुढे थेंब नुसता पडून राहायचा. मागे पडला की चर्र.

माझी बायको सुनंदा अंगणात धान वाळवत होती. आवाज ऐकून आली.

“अजी, मांगच्या बाजूनं भाकर भाजून निघन यावर.”

“भाजून पाह्य.”

“मंग गाडीवाल्याले म्हणा, पीठ घेऊन ये.”

ती हसत गेली, पण बोलली ते बरोबर होतं. रेडिएटर नवा, पंप नवा, तरी पाणी मागच्या सिलेंडरपर्यंत जातच नव्हतं. अशा इंजिनाच्या पोटात पुढून मागे एक लांब चपटी नळी असते. पंपाचं पाणी तिच्यातून जातं आणि भोकाभोकातून प्रत्येक सिलेंडरला मिळतं. ही नळी बाहेरून दिसत नाही. ती काढायची तर जाळी, रेडिएटर, पंप, सगळं उतरवावं लागतं. म्हणून आळशी माणूस तिला हात लावत नाही.

तरी न्यायानं वागावं म्हणून शेठला फोन केला. “पाण्याची नळी काढली होती का?”

“अबे, ते नळी कोणी काढते का?” तो म्हणाला. “तू अजून भातगिरण्याच करून राह्यला का बे?”

मी फोन ठेवला. गरम व्हायला मला घाट लागत नाही.

नळी तुकड्या-तुकड्यांनी निघाली. वाकवलेल्या सळईने ओढत होतो आणि गंज चिखलासारखा सांडत होता. शेवटी मागच्या टोकाला सळई अडली. खरवडल्यावर तपकिरी ढेकळं निघाली. कोंडा! भाताचा कोंडा. आमच्या भातपट्ट्यात रेडिएटर गळायला लागला की ड्रायव्हर त्यात मूठभर कोंडा टाकायचे. कोंडा फुगतो, गळती थांबते, गाडी घरी पोचते. आजोबांच्या ड्रायव्हरनेही तेच केलेलं. तो कोंडा गंजात मुरून विटेसारखा बसला होता. नागपूरवाल्यांनी वरून रंग मारला आणि आतली वीट तशीच ठेवली.

सगळं धुऊन काढलं. नवी नळी बाजारातल्या नत्थूभाऊंनी बनवली. ते भांडी ठोकतात. जुने तुकडे जुळवून मी माप दिलं. पुढची भोकं लहान आणि मागे जाताना मोठी, म्हणजे पुढचे सिलेंडर सगळं पाणी पिऊन टाकत नाहीत. नळी झाली, पण तिच्या तोंडावर बसवायला जाड पितळी पत्रा हवा होता. तेवढ्या जाडीचा नत्थूभाऊंकडे नव्हता. माझ्याकडे एक होता.

“हे तं नाव हाये कोणाचं,” नत्थूभाऊ पाटी उलटसुलट करत म्हणाले. “कापू का?”

“कापा.”

“मंग जोडता नाई येणार, भाऊ.”

“कापा म्हटलं ना!”

घरी आल्यावर सुनंदाने विचारलं, “अन् गाडी उकळली तं? वकिलाले कोणती पाटी ठोकून देसान?” मी जेवायला वाढ म्हणालो.

मे महिन्यात, भर दुपारी निघालो. थंडीत घाट चढवला असता तर शेठने थंडीचं नाव सांगितलं असतं. गडचांदूर सोडलं तशी वकीलसाहेबांची नजर तापमानाच्या काट्यावर खिळली. मागच्या सीटखाली त्यांनी पाण्याच्या कॅन भरून ठेवल्या होत्या. मला त्या कॅनचा राग येत होता.

घाटात गाडी सेकंडला टाकली. काटा चढला. आणखी चढला. एका वळणावर वकीलसाहेब म्हणाले, “थांबवा, थांबवा!”

“नाई थांबवत.”

काटा अर्ध्याच्या थोडा वर गेला आणि तिथंच उभा राहिला. इंजिनाचा आवाज बदलला नाही, तोच गोल, भरलेला सूर. जिवतीच्या चहाच्या टपरीसमोर गाडी उभी करून मी बोनेट उघडलं आणि मागच्या सिलेंडरवर थेंब टाकला. थेंब पडून राहिला. कॅनमधल्या पाण्याने आम्ही तोंडं धुतली.

“मानलं भाऊ तुमाले,” वकीलसाहेब म्हणाले. “लावा तुमची पाटी. जुनी देऊन द्या मले, आठवण म्हणून ठेवतो.”

“ते इंजिनातच हाये. पंपाच्या मांगं. नळीच्या तोंडावर कापून बसवली.”

ते टपरीचा बाक हलेपर्यंत हसले. “म्हणजे शेठच्या नावाबिगर गाडी आता चढतच नाई तं!”

परतीच्या रस्त्यावर मी त्यांच्याशी राजुऱ्यापर्यंत बोललो नाही.

माझी पाटी लागली. माझं नाव आणि खाली ‘मूल’, तितक्याच मोठ्या अक्षरात. सहा सिलेंडरची जुनी गाडी घेणार असाल, तर रंग पाहू नका, पहिल्या सिलेंडरलाही काही विचारू नका. त्याला पाणी मिळतंच. बोनेट उघडून सरळ सगळ्यात मागे जा.