सतरा गाठी

वरठीच्या रस्त्याकडेला मेंढ्या चारणारा हा माणूस चालता चालता टकळीवर लोकर कातत असतो. बोलताना त्याचं वाक्य तुटतं, धागा नाही. निवृत्तीनंतर मी विणकाम शिकलो आणि त्याच्याच लोकरीचा मफलर बायकोसाठी विणला. तो तिला टोचला. मी तडक तक्रार घेऊन गेलो.

त्याने डोळे मिटून मफलर बोटांतून सरकवला. "गुर्जी, हे जावळ हाय, पिलाची पहिली कातरण. हे नाई टोचत. धागा तुटला तिथं मारलेल्या तुमच्या गाठी टोचून राहिल्या. सतरा हायेत."

आणि माझी दोन महिन्यांची मेहनत त्याने सरळ उसवायला घेतली!

"अरे, काय करून राहिला बाबू?"

"मेंढीनं लोकर गाठी मारून देल्ली होती काय तुमाले?"

गाठ काढून धाग्याच्या तुटलेल्या दोन्ही टोकांचा पीळ त्याने सोडवला, थुंकी लावली, तळव्यावर घासलं. जोड दिसेनासा झाला. असं सतरा वेळा.

मी पुन्हा विणलेला मफलर बायकोने गळ्याभोवती घेतला, गालाला लावला. "अजी, आता नाई टोचत! काय लावलं याले?"

धुतलेला कप पुन्हा धुऊन चहा पिणारी माझी बायको.

"कारागिरी," मी म्हणालो.