पासपोर्टात नसलेले अठरा दिवस

दत्तप्रसाद दुबईत, देइऱ्यातल्या एका हॉटेलात एसीची देखभाल बघणारा इंजिनिअर. करामा भागात आमच्या वरच्याच मजल्यावर राहायचा आणि त्याची मुलगी मिहिका मी शिकवायचे त्या वर्गात होती. अबोल माणूस. लिफ्टची वाट बघतानाही त्याचा पाय चुळबुळत असायचा.

१९९७ मध्ये त्या हॉटेलात क्यूबाचा एक बँड सहा महिन्यांच्या करारावर आला. तालमीच्या वेळी नेमका हॉलमधल्या एसीत काहीतरी बिघाड निघू लागला, आणि तो तपासायला दत्तप्रसाद स्वतः जाऊ लागला. बँड परत गेला. पुढच्या मार्चमध्ये वार्षिक रजेतले अठरा दिवस काढून हा एकटाच क्यूबाला निघाला. रजा मिळाली की आमची सगळी बिल्डिंग मुंबई-पुण्याला पळायची, त्यामुळे लोकांच्या भुवया उंचावल्या. बँडमध्ये एक देखणी गायिका होती, हेही तोवर सगळ्यांना कळलं होतं.

पासपोर्ट त्या काळी कंपनीच्या कपाटात असायचे. मे महिन्यात मिहिकाच्या व्हिसाच्या कामासाठी त्याचा पासपोर्ट दोन दिवस घरी आला. त्याच्या बायकोने, गिरिजाने, पानन् पान उलटलं. दुबईतून गेल्याचा शिक्का होता, दुबईत आल्याचा होता. मधे क्यूबा नव्हताच.

ती पासपोर्ट घेऊन माझ्याकडे आली.

"बाई, हे अठरा दिवस कुठे आहेत?"

तिच्या दुसऱ्या हातात पुण्यातल्या शाळेचा प्रवेश अर्ज होता. मिहिकाला घेऊन कायमचं परत जायचं तिच्या मनाने घेतलं होतं. मला समजूत घालता येईना, कारण मलाही शंका येऊ लागली होती. त्याने फोटो कधी दाखवलेच नव्हते. कॅमेरा नेला की नीट ऐकू येत नाही, असं काहीतरी म्हणाला होता. तिथून आणलेल्या दोन गुळगुळीत लाकडी काठ्या तेवढ्या होत्या. तशा इथल्या बाजारात पाच दिरहमला मिळतात, म्हणजे पन्नास-पंचावन्न रुपये झाले, असं गिरिजाने ऐकवलं.

संध्याकाळी मला समोर बसवून तिने त्याला विचारलं. तो म्हणाला, क्यूबावाले पासपोर्टवर नाही, वेगळ्या कागदावर शिक्का मारतात आणि निघताना तो कागद ठेवून घेतात. हे उत्तर इतकं सोयीचं होतं की गिरिजा हसली.

"आणि ती गाणारी?"

"पत्ता तिनेच दिला. मी तिच्या आजीकडे राहिलो, मातांझास गावात."

हे त्याने दोन महिने लपवलं होतं. मग त्यानेच सांगायला सुरुवात केली. आजी चौऱ्याऐंशी वर्षांची. तिच्या मागच्या अंगणात शेजारपाजारची माणसं ढोल घेऊन जमत. त्या ढोलांचे बोल त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून गुलाम म्हणून येताना डोक्यात साठवून घेऊन आले होते. नवख्याच्या हातात आधी फक्त एकमेकींवर वाजवायच्या या काठ्या. तीन ठोके, मग दोन. एवढाच ठेका त्याने धरून ठेवायचा, कारण बाकी सगळं गाणं त्याच्यावर उभं असतं.

"चार दिवस तिने मला रोज हाकललं," तो खाली बघत म्हणाला. "म्हणाली, हा माणूस गाण्याच्या पुढे पळतो."

गिरिजाने मान वर केली. गणपतीच्या आरतीत याचे टाळ सगळ्यांच्या पुढे पळतात, हे अख्ख्या मंडळाला माहीत होतं. बारा वर्षांत त्याने ते एकदाही कबूल केलं नव्हतं.

"वाजवा," ती म्हणाली.

त्याने काठ्या घेतल्या. पाच मिनिटं झाली, सात झाली, ठेका जागचा हलला नाही. मिहिका अभ्यास टाकून दारात येऊन उभी राहिली.

"पप्पा, यू आर नॉट रशिंग," ती म्हणाली.

गिरिजा त्याच्या हातांकडे बघत राहिली.

तो अर्ज तिने भरला नाही. दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटली तेव्हा मी विचारलं, बसला का विश्वास?

"आजीवर बसलाय, बाई. नातीवर नाही. डिसेंबरची क्यूबाची तीन तिकिटं काढायला सांगितलीत."