नरसय्याशेठचं चिमटे काढणारं पॅनेल

भूतबित मी मानत नाही, हे आधीच सांगून टाकतो. इलेक्ट्रिकल पॅनेल बनवणारा माणूस मी... माझ्या धंद्यात झटका बसला तर वायर शोधायची असते, मांत्रिक नाही!

सोलापुरात अक्कलकोट रोडला नरसय्याशेठचा टॉवेलचा कारखाना आहे. तिथलं पॅनेल माझंच. खंडेनवमी झाली आणि त्यांचा फोन — "सर, पॅनेल चिमटा काढालंय की. मलाच! बाकी कुणाला न्हाय. परत घेऊन जावा."

डोकंच सटकलं माझं. पॅनेल परत आलं असतं तर गावभर बोंब झाली असती.

सकाळीच गेलो. बघतो तर काय, पूजेसाठी शेठनी अख्खं पॅनेल आतून-बाहेरून रंगवून घेतलेलं, वर देवीचा फोटो चिकटवलेला! कामगार रबरी चपलांत. शेठ मात्र देवीला हात लावताना चपला काढून ओल्या फरशीवर उभे... सुटलं कोडं. कंट्रोल ट्रान्सफॉर्मरमधून बाहेर येणाऱ्या वायरींपैकी एक आणि पॅनेलची बॉडी अर्थिंगला जोडलेली लागते, नाहीतर पत्रा असे चिमटे काढतो. इथं अर्थिंगच्या बोल्टखालीच रंगाचा थर, म्हणजे जोडच तुटलेला! मेन स्विच बंद करून कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली. रंग खरवडला, बोल्ट आवळले.

"झालं शेठ. तुमचं भूत पॉलिश पेपरनं घासून काढलं!"

शेठ हलेनात. "असं न्हाय. चपला काढा, हात ठिवा, अन् म्हणा, सगळं पक्कं जोडलंय."

हसू दाबत अनवाणी उभा राहिलो. पॅनेलवर हात ठेवला. "सगळं पक्कं जो—"

आई गं! कोपरापर्यंत मुंग्या. चक्क ओरडलो मी.

मेन स्विच बंदच होता. वीज साठवणारा कपॅसिटर मीच डिस्चार्ज करून रिकामा केलेला. स्टॅटिक वीज म्हणाल, तर ती ओल्या फरशीवर टिकते कुठं?

"बगा," शेठ म्हणाले, "खोटं बोलालाव."

असला राग आला! रागारागात उरलंसुरलं सगळं उघडलं. ट्रान्सफॉर्मर पॅनेलशेजारी वेगळ्या पत्र्याच्या डब्यात होता. डबा पॅनेलला जोडणारी पट्टीसुद्धा रंगावरच बसवलेली, आणि ती मी बघितलीच नव्हती. आत एका वायरचं इन्सुलेशन घासून तांबं उघडं पडलेलं... पत्र्यापासून केसभर लांब.

डब्यावर ओलं फडकं वाळत होतं.

"कुणाचं हे?"

"माजं की," टॉवेल पिळायच्या मशिनवरच्या अंबव्वा म्हणाल्या. "रोज तितंच टाकते. का वो?"

ती उघडी वायर पत्र्याला टेकली असती तर... त्यांचे हात अजून निथळत होते. फडकं उचलून मी त्यांच्या हातात दिलं.

वायर बदलली, पट्टीखालचा रंग काढला, पुन्हा हात ठेवून तेच वाक्य म्हटलं. काही नाही. मेन चालू करून म्हटलं... तरी काही नाही.

मग बंद पॅनेलमधून तो चिमटा आला कुठून? धंद्यातले मित्र म्हणतात, भास झाला. अरे, भास कोपरापर्यंत जातो होय?

हल्ली कुठलंही पॅनेल पाठवायच्या आधी मीटर लावून सगळं तपासतो. मग सप्लाय काढतो, चपला काढतो, पत्र्यावर हात ठेवतो आणि मोठ्यानं म्हणतो, "सगळं पक्कं जोडलंय."

बायको विचारते, "ओ, कुणाशी बोलालाव?"

मी तिला हातानंच गप्प करतो. चिमटा बसतो की काय म्हणून तेवढा वेळ श्वास रोखलेला असतो ना माझा!