इंजिनाचा फिल्टर आणि नानांचा

गाडीच्या डॅशबोर्डातल्या कप्प्यामागे एक फिल्टर असतो आणि आत बसलेल्या माणसांना मिळणारी हवा त्यातून गाळून येते, हे मला सत्तेचाळिसाव्या वर्षी कळलं असं मी सगळ्यांना सांगते. ते खरं नाही. दर सर्व्हिसिंगला गॅरेजवाला माझ्यापुढे कागद करायचा, त्यावर दोन एअर फिल्टर लिहिलेले असायचे. एक इंजिनाचा, एक केबिनचा. इंजिनाचा मी न विचारता बदलायला सांगायची. गाडी वाटेत बंद पडली तर ऑफिस बुडतं. दुसऱ्यावर बोट ठेवून म्हणायची, "हा राहू द्या, त्यानं काही अडत नाही."

नानांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मी त्याच गाडीतून दवाखान्यात नेत होते. त्यांचा मखमलाबादच्या पुढे मळा, उभा जन्म गुलाबात गेलेला. धाप लागायला लागली तेव्हा त्यांना आणि आईला मी नाशिक रोडला माझ्या फ्लॅटवर घेऊन आले. मळा शेजाऱ्यांकडे सोपवला. डॉक्टरांनी एक्स-रेची फिल्म उजेडात धरली आणि म्हणाले, "फुप्फुसं कडक होत चालली आहेत. गेलेला भाग परत येत नसतो. उरलाय तो सांभाळायचा. धूळ, धूर, उदबत्ती, फवारणी, सगळ्यापासून लांब ठेवा."

मी लांब ठेवलं. घरातली उदबत्ती बंद केली, आईला फोडणी दार लावून द्यायला सांगितली. दर पंधरा दिवसांनी मात्र द्वारका चौकाच्या खोदलेल्या रस्त्यावरून मुंबई नाक्याच्या दवाखान्यापर्यंत जावंच लागायचं. काचा बंद करून एसी लावला की पाचच मिनिटांत नानांना खोकल्याची उबळ यायची. ओल्या पोत्यासारखा एक वास गाडीत असायचा. मला वाटायचं, जुनी गाडी आहे, असणारच. नाना म्हणायचे, "बाई, काच खाली कर जरा." काच खाली केली की रस्त्याची धूळ आत यायची. मग मी काच पुन्हा वर करायची. असे पाच महिने गेले.

एकदा एसीची हवाच कमी यायला लागली म्हणून गॅरेजमध्ये गेले. मेकॅनिकनं डॅशबोर्डातला कप्पा काढला, आत हात घातला आणि एक चौकोनी वस्तू ओढून बाहेर काढली. आधी मला ती काय आहे ते कळलंच नाही. काळी, फुगलेली, घड्यांमध्ये कडुनिंबाची वाळलेली पानं, आणि एका कोपऱ्यात उंदरानं कुरतडून केलेलं कापसाचं घर.

"मॅडम, हा कंपनीतून आला तेव्हापासून बदललेलाच नाही," तो म्हणाला. मग त्यानं बॉनेट उघडून इंजिनाचा फिल्टर दाखवला. "हा बघा. गेल्याच सर्व्हिसिंगला टाकलेला. एकदम चोख."

तो कौतुकानं बोलला. मी तिथल्याच एका टायरवर बसले. इंजिनाला मी वर्षानुवर्षं स्वच्छ हवा दिली होती, आणि ज्या माणसाला एकेक श्वास ओढून घ्यावा लागत होता त्याला या घाणीतून आलेली.

मेकॅनिक नवा केबिन फिल्टर लगेच बसवायला तयार होता. मी नाही म्हटलं. माझ्या हातात निवडण्यासारखं एवढं एकच काही होतं. ते मला स्वतः निवडायचं होतं. दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून द्वारकेजवळच्या स्पेअरपार्टच्या दुकानात गेले. दुकानदार वयस्क होते. त्यांनी गाडीचं मॉडेल आणि साल विचारलं, कारण तीच गाडी दोन वर्षांनी नवी निघाली की फिल्टरचं माप बदलतं. मग काउंटरवर खोकी मांडली. मी न विचारताच इंजिनासाठीही एक साधा कागदी, एक धुऊन पुन्हा वापरायचा. केबिनसाठी एक पांढरा, नुसती धूळ अडवणारा, आणि एक करड्या रंगाचा, कोळशाचा थर असलेला. आणखी एका खोक्यावर मोठमोठ्या अक्षरांत काय काय छापलं होतं. ते त्यांनी आपणहून बाजूला सारलं.

"छपाईवर जाऊ नका," ते म्हणाले. "कडेचा फोम दाबून बघा. फट राहिली तर हवा फिल्टरमधून जातच नाही, कडेनं जाते. आणि इंजिनासाठी कधी घ्याल तेव्हा साधाच घ्या. धुतलेला नीट वाळला नाही तर उगाच ताप."

"आजारी माणसासाठी कुठला चांगला?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "कोण आजारी आहे?"

"वडील. फुप्फुसं."

"मग कोळशाचा न्या. धूळही अडेल, धुराचा वासही कमी येईल." जरा थांबून म्हणाले, "पण ताई, हे औषध नाही हं."

मला ते माहीत होतं. तरी घरी जाताना ते खोकं मी मांडीवर ठेवून गाडी चालवली.

फिल्टर मीच बसवला, बिल्डिंगच्या खाली, पार्किंगमध्ये. नाना खुर्चीवर, नाकाला नळी, शेजारी छोटं सिलिंडर. फिल्टरवर हवेच्या दिशेचा बाण असतो, तो उलटा होऊ नये म्हणून मी तीनदा तपासला. नाना बघत होते.

"येवढा कागद काय करनार गं?"

"धूळ अडवतो."

"आमी ओला टावेल बांधायचो तोंडाला. फवारताना." दम घ्यायला ते थांबले. "तू डबा घेऊन यायची. मी लांबूनच वरडायचो, वाऱ्याच्या वरल्या अंगाला थांब म्हनून."

मला ते आठवत होतं. बांधावरच्या आंब्याखाली डबा धरून मी उभी असायची आणि औषधाचा पांढरा ढग माझ्यापासून दूर, त्यांच्या अंगावर जायचा.

पुढच्या फेरीला नाना मुंबई नाक्यापर्यंत एकदाही खोकले नाहीत. मी वेड्यासारखी खूश झाले. डॉक्टर जिन्याशीच भेटले, त्यांना तिथंच सांगितलं. त्यांनी नवी फिल्म बघितली आणि नानांना बाहेर बसवायला लावलं. आजार आणखी वर सरकला होता. "खोकायलाही ताकद लागते," ते म्हणाले. एवढंच. बाहेर नाना बाकावर बसले होते आणि मी कुठलं तोंड घेऊन त्यांच्यासमोर जावं ते मला कळत नव्हतं.

त्यांना मात्र सगळं कळलं असावं. गाडीत बसल्यावर म्हणाले, "बाई, मळ्याकडून घे."

दिवाळी होऊन गेली होती. गोदावरी ओलांडून आम्ही मखमलाबादच्या रस्त्याला लागलो. मळ्याच्या बांधाशी मी गाडी उभी केली. गुलाबाला फूल बऱ्यापैकी होतं. पण शेजारच्या द्राक्षबागेत ट्रॅक्टर फिरत होता आणि फवारणीचा ढग बांधापर्यंत येत होता. मी एसीची बाहेरची हवा बंद केली, काचा नीट लागल्यात ना ते पाहिलं.

"काच खाली कर."

"नाना, फवारणी चाललीय."

"दिसतंय मला. थोडी कर."

"डॉक्टरांनी सांगितलंय ना?"

त्यांनी काचेला कपाळ टेकवलं. बोटानं काच पुसली. "हितं काय वासच येईना," ते म्हणाले. आई मागच्या सीटवर बसली होती. ती हळूच म्हणाली, "दोन मिनिटं कर की गं." मी केली नाही. सिलिंडरचा काटा खाली उतरत होता, मला त्यांना घरी न्यायची घाई झाली होती. मी गाडी वळवली. 

त्यानंतर ते गाडीत बसलेच नाहीत. बिछान्यातून संडासापर्यंत जाणंही त्यांना जमेना. तीन आठवड्यांनी, सकाळी आई चहा गाळत असताना गेले.

दहाव्यानंतर मळ्याचं काय करायचं ते ठरवायला मी एकटीच गेले. शेजारी बांधावरच भेटले. नानांच्या वयाचेच, लहानपणापासूनचे सोबती.  ते म्हणाले, "तवा गाडी पाह्यली मी. वाटलं, आता उतरतील, आता उतरतील."

"तुमची फवारणी चालू होती, काका. त्यांना चालली नसती."

"आवं ताई, मंग हाळी द्यायची," ते म्हणाले. "बंद केला असता की मी ट्रॅक्टर. घडीभर थांबलं असतं तर वाऱ्यानं समदं निघून गेलं असतं."

हाक मारायचं माझ्या मनातही आलं नव्हतं. मी काचा बघत होते. काकांनी टोपी काढून हातात घेतली, आणि ते आपल्या बागेकडे निघून गेले.