कानातला कापूस

चिमूटभर कापूस कानात घातला, तर ती चोरी होते का? कारंजा गावातल्या कापसाच्या एका जिनाच्या फाटकावर होते.

लढाईच्या काळात विमानांच्या चाकांना ठोकळे लावणारा धनज गावचा एक माणूस त्या जिनात सरकी काढायला होता. डावा कान त्याने विमानांच्या आवाजात विमानतळावरच गमावला होता. उरलेला वाचावा म्हणून यंत्रापुढे तो त्यात कापसाचा बोळा घालायचा. सुटीच्या वेळी पहारेकरी सगळ्यांसमोर तो बोळा बोटाने उपसून काढायचा आणि गंजीवर परत टाकायचा. मळासकट तो गाठीत बांधला जाऊन विलायतेला पोचला, की मालकाचं नुकसान टळलं!

एकदा पहारेकरी म्हणाला, "काहून बे, रोज चोरी करून राह्यला?"

तो हसला. "भाऊ, तिकडं इमानात बसणाऱ्या सायबाच्या कानाले चामड्याची टोपी होती. मी मांगितली तं म्हणे, तुले कायले? तू तं खालीच रायतं!"

हे मॅनेजरच्या कानी गेलं. त्याचे कान शाबूत होते. दुसऱ्या दिवसापासून आत जातानाही कान तपासू लागले; घरचा असो की गंजीवरचा, बोळा आता कानात चालेना.

परवा रस्त्यात त्या धनजच्या माणसाच्या मागून बैलांची बंडी आली. गाडीवान ओरडत होता. मी हाताला धरून ओढलं, तेव्हा कुठे तो बाजूला झाला.

वाचकहो, हंगाम अजून संपलेला नाही. तुमच्या गावच्या जिनात जा आणि मालकाला दिवसभर उघड्या कानांनी यंत्रापाशी उभं करा. संध्याकाळी कामगारांसाठी कापूस मागा. फक्त जरा मोठ्याने मागा.