साडभाऊ, तुम्हाला दिलं

शिरीष गेल्याचा फोन आला तेव्हा मी कौन्सिलच्या कचरा डेपोवर जुनी गादी डोक्यावर घेऊन उभा होतो. माझी बायको मेधा एवढंच म्हणाली, “अहो, शिरीष गेला. नीलूकडे या.” मागे गाड्यांची रांग, आणि पिवळ्या जाकिटातला माणूस सांगत होता की गाद्या पलीकडच्या कंटेनरमध्ये टाकायच्या. मी मुकाट्याने पलीकडे गेलो, गादी टाकली, गाडीत येऊन बसलो आणि बसूनच राहिलो. सप्टेंबरपासून आजारपण चाललं होतं, त्यामुळे धक्का वगैरे म्हणण्यात अर्थ नाही. आम्ही सगळेच दमलो होतो. तरी येणार येणार म्हणून ठाऊक असलेली बातमीसुद्धा आली की अंगावरच येते... आणि इथं माणूस गेला तरी लगेच जात नाही. क्रिमेटोरियमची तारीख मिळायला दोन आठवडे लागले. अर्ध्या तासाचा स्लॉट, बाहेर पुढच्या घरची माणसं काळ्या कोटांत थांबलेली. नागपूरहून सगळ्यांनी मोबाइलवर दर्शन घेतलं आणि आम्ही पार्किंगचं तिकीट संपायच्या आत निघालो.

शिरीष माझा साडू. मेधा आणि नीलिमा सख्ख्या बहिणी, मेधा थोरली. बायको एक वेळ पाहून-सवरून करता येते, पण साडू कपाबरोबर बशी यावी तसा येतो, तिथं निवडीला वाव नाही. मी साताऱ्याचा, क्रिकेट सोडून दुसऱ्या कशाला खेळ न म्हणणारा. तो अमरावतीचा, कॉलेजात असताना विद्यापीठाकडून बेसबॉल खेळलेला. हो, बेसबॉल. अमरावतीत पोरं बेसबॉल खेळतात हे त्याने मला पहिल्याच भेटीत सांगितलं, तेव्हा तो माझी फिरकी घेतोय असं मला वाटलं होतं. पुढे दोघंही आयटीच्या नोकरीत लंडनहून तासाभरावरच्या बेसिंगस्टोकला येऊन पडलो, एकाच बिझनेस पार्कात, समोरासमोरच्या इमारतींत. मी थोरला साडू म्हणून तो मला ‘अहो-जाहो’ करायचा आणि त्या ‘अहो’च्या आडून मनसोक्त चिडवायचा.

आमच्या भागात हौशी बेसबॉलची एक छोटी लीग आहे. चार टीम, उन्हाळ्यातले रविवार आणि क्रिकेटच्या पीचला लागून असलेलं कौन्सिलचं मैदान. क्रिकेटवाले आमच्याकडे जत्रेत चुकलेल्या पोरांकडे पाहावं तसं पाहतात. दर मार्चमध्ये प्रत्येक टीम आपले मोजके खेळाडू राखून ठेवते, बाकीच्यांची नावं पुन्हा एकत्र येतात आणि चारही मॅनेजर टेबलाभोवती बसून आळीपाळीने माणसं उचलतात. हा ड्राफ्ट. गेल्या वर्षी जी टीम तळाला राहिली, तिला पहिली निवड. “शेवटच्याला आधी वाढायचं,” शिरीष म्हणायचा, “अशी पंगत कुठं पाहिली आहे का, साडभाऊ?” ड्राफ्टनंतर जुलैपर्यंत टीम आपसात खेळाडूंची अदलाबदल करू शकतात. तो ट्रेड. अमेरिकेत या कामी मोठमोठी डोकी आणि संगणक राबतात म्हणे. आमच्याकडे चहा आणि कस्टर्ड क्रीमची बिस्किटं.

तो मॅनेजर झाला त्या वर्षी दोघी बहिणींनी संगनमत करून माझं नाव ड्राफ्टात घातलं. शिरीषने मला उचललं, पण सगळ्यात शेवटी, उरलेली भाजी डब्यात भरावी तसं. त्याची टीम बांधायची पद्धत मी तिथं जवळून पाहिली. लांब लांब फटके मारणाऱ्या गड्याच्या मागे तो कधी लागला नाही. एकेका नावापुढे थांबून तो एकच प्रश्न विचारायचा, “हा नसेल तर याच्या जागी कोण उभा राहील?” पहिल्या बेसवर, म्हणजे धावणाऱ्याला गाठायच्या पहिल्या टप्प्यावर, उभं राहून चेंडू झेलणारे पैशाला पासरी, म्हणून तिथला माणूस कितीही तगडा असो, तो शेवटी घ्यायचा. पण कॅचर, म्हणजे फलंदाजाच्या मागे उकिडवा बसून पिचरने टाकलेला प्रत्येक चेंडू अडवणारा, धावणाऱ्याला फेकून बाद करणारा, सगळ्या टीमला पुढून बघणारा एकटा माणूस, तो मिळत नाही. “कॅचर घरातल्या आईसारखा असतो,” तो म्हणायचा, “ती आजारी पडली की कळतं.” ड्राफ्टात आशा घ्यायची आणि ट्रेडमध्ये गरज भागवायची, हे त्याचं दुसरं सूत्र. तिसरं असं, की माणसाला भाव आहे तोवर त्याला द्यावं, भाव उतरल्यावर कोणी फुकट नेत नाही. मी मान डोलवायचो. हे सूत्र फिरून माझ्यावरच येईल असं मनातही आलं नाही.

तिसऱ्या हंगामात त्याच्या कॅचरचा खांदा निखळला. त्याच आठवड्यात एका संध्याकाळी शिरीष ऑफिसातून थेट आमच्याकडे आला आणि बूट न काढता दारातच उभा राहिला.

“साडभाऊ, तुम्हाला दिलं.”

“कुठं दिलं?”

“रेडिंगवाल्यांना.”

“बदल्यात?”

“कॅचर. त्यांच्याकडे दोन होते, आणि पहिल्या बेसला माणूस नव्हता.” तो बुटांकडे बघत म्हणाला, “आणि एक कूल बॉक्स. पण तो त्यांनी आपणहून दिला हो, मी मागितला नव्हता.”

स्वयंपाकघरातून मेधा पळी हातात घेऊनच बाहेर आली. “माझ्या नवऱ्याची किंमत एक कॅचर आणि बर्फाचा डबा?” शिरीष तिला समजावायला गेला की कॅचरची किंमत फार असते, मोठ्या ताईंनी उलट अभिमान बाळगावा... मग जे व्हायचं ते झालं. गणपतीपर्यंत बहिणी एकमेकींशी बोलत नव्हत्या आणि नीलूचे आमच्याकडे असलेले सगळे डबे घासूनपुसून तिच्या दारात ठेवले गेले. रेडिंगची माणसं भली होती. त्यांनी मला पहिल्या बेसवर उभं केलं, येता-जाता लिफ्ट दिली, वाढदिवसाला केकही आणला. त्या वर्षी शिरीषची टीम जिंकली, आणि त्या कॅचरमुळेच जिंकली, हे मलाही दिसत होतं. पण मला लागलं. रिडन्डन्सी येऊन नोकरी गेली तेव्हाही इतकं लागलं नव्हतं. तिथं कंपनी होती, इथं आमच्या घरी हक्काने भाकरी-ठेचा मागून खाणारा माणूस होता. त्याने ना कधी खुलासा केला, ना माफी मागितली. पुढे माझे गुडघे गेले आणि मी त्याच्याच टीममध्ये कोच म्हणून परत आलो, म्हणजे पहिल्या बेसजवळ उभं राहून ‘पळ’ किंवा ‘थांब’ एवढंच ओरडणारा.

गेल्या उन्हाळ्यात त्याच्या आजाराला अजून नाव मिळालं नव्हतं. नुसता थकवा होता. टीम हरत होती आणि रेडिंगचा मॅनेजर कीथ आमचा एक जुना पिचर मागत होता, बदल्यात दोन तरणेबांड गडी देत होता. मी म्हटलं, “अरे, घेऊन टाक. तुझ्याच सूत्रात बसतंय.” आम्ही मैदानावरून घरी चाललो होतो. गाडी मी चालवत होतो, कारण त्याने पहिल्यांदाच आपणहून किल्ली माझ्या हातात दिली होती.

“नको साडभाऊ. यंदा कोणालाच देत नाही,” तो म्हणाला. “ड्राफ्टचं काय, ज्याला घेतलं तो खूश, ज्याला नाही घेतलं त्याला दुसरा कोणी घेतो. ट्रेड झाला की जाऊन तोंडावर सांगावं लागतं ना. तुमच्या वेळी मी तुमच्या दारासमोर गाडीत बसून होतो... किती वेळ कोण जाणे.”

“मग?”

“मग नीलूचा फोन आला, येताना दूध आणा म्हणून. म्हटलं, आता उतरावंच लागेल.”

इतकी वर्षं मी समजत होतो की त्याने मला सहज देऊन टाकलं. ट्रेड केला नाही आणि आम्ही तळाला गेलो. त्याला त्याचं काही वाटल्याचं दिसलं नाही. पुढे हॉस्पिटलात एकदा म्हणाला होता, “चला, पहिली निवड तर आली.”

ती निवड करायला तो राहिला नाही. टीमने मॅनेजर व्हा म्हणून मला गळ घातली. हा नसेल तर याच्या जागी कोण उभा राहील? तर मी! शिरीषने कपाळावर हात मारला असता. यंदा आमचा कॅचर नोकरीसाठी ब्रिस्टलला निघून गेला होता आणि ड्राफ्टात धड कॅचर एकच होता, ओवेन नावाचा शाळामास्तर. त्याच ड्राफ्टात अदितीचंही नाव होतं. अदिती शिरीषची एकुलती एक मुलगी, इथंच जन्मलेली, लंडनला बँकेत आहे. बाप गेल्यावर आईजवळ राहायला घरी परत आली आणि रोज ट्रेनने जाते-येते. खेळते चांगली, फटका जोरकस आहे, पण तिची जागा सीमेजवळची, आणि तिथं उभे राहणारे आमच्याकडे होते. नीलूने मला स्वयंपाकघरात गाठलं. “भाऊजी, अदितीला तुमच्याकडेच घ्या हं. तिला दुसऱ्या टीमच्या कपड्यांत मला नाही बघवायचं.” मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? अदितीला मात्र मी काही विचारलं नाही, आणि तीही बोलली नाही.

रविवारी दुपारी कम्युनिटी सेंटरच्या हॉलमध्ये आम्ही चौघं टेबलाशी बसलो. बाकी मंडळी मागे हीटरला टेकून उभी होती, त्यांत अदिती. सगळे माझ्याकडे एका विशिष्ट नजरेने बघत होते. मला कोणाचं नाव घ्यायचंय हे हॉलमधल्या प्रत्येकाला माहीत होतं. टाळ्या तयार होत्या. कीथ म्हणाला, “टेक युअर टाइम, मेट.” मी अदितीकडे पाहिलं, मग आमच्या पिचरकडे पाहिलं. एकोणीस-वीस वर्षांचा पोरगा तो. सगळा उन्हाळा त्याने कोणाकडे बघून चेंडू टाकायचा होता? मी ‘अदिती’ म्हटलं असतं तर दहा मिनिटं सगळ्यांना भरून आलं असतं, आणि मे उजाडल्यावर प्रत्येक पराभवानंतर कोणीतरी तिच्याकडे बघितलं असतं. हे शिरीष किती वर्षं एकटा करत होता, या विचाराने मला बसल्या जागी थकवा आला.

“ओवेन,” मी म्हणालो.

कोणी टाळी वाजवली नाही. पुढची पाळी कीथची होती. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, खाली पाहिलं आणि अदितीचं नाव घेतलं. नंतर चहाच्या वेळी म्हणाला, “सॉरी मेट, तिची बॅटिंग मला हवीच होती.” त्यात सॉरी म्हणण्यासारखं काहीच नव्हतं. अदितीने लांबूनच मला अंगठा दाखवला आणि रेडिंगच्या घोळक्यात जाऊन उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सरावाचं सामान आणायला नीलूकडे गेलो. तिने दार उघडलं, गॅरेजची किल्ली दिली. फक्त चहा विचारला नाही. मी आपला गॅरेजमध्ये गेलो. त्या घरात गाडी कधी गॅरेजमध्ये लागलीच नाही, तिथं टीमचं सामान असायचं. हेल्मेटं एकात एक बसवलेली, चामड्याच्या ग्लव्हजना तेल लावून आत चेंडू घालून दोरीने बांधलेलं, आणि छत्र्यांच्या जुन्या पिंपात बॅटी, हलक्या पुढे आणि जड मागे. प्रत्येक बॅटीच्या मुठीला तो स्वतः टेप गुंडाळायचा, टोकाकडे जरा जाड, हात सटकू नये म्हणून. एक बॅट काढून हातात धरली तेवढ्यात अदितीचा फोन आला.

“काका, मी ट्रेनमध्ये आहे. आई तुमच्यावर खूप रागवला आहे का?”

“आहे थोडी. निवळेल.”

“डोन्ट वरी. ओवेन राइट पिक होता. आपला टीमला कॅचर नव्हता ना. बाबांनी पण तोच केला असता.”

“हो.”

“आणि रेडिंगचे लोक नाइस आहेत. प्रॅक्टिसला लिफ्ट पण देणार म्हणाले.”

“देतात. मला माहीत आहे.”

मागे ट्रेनमध्ये कुठल्याशा स्टेशनची घोषणा झाली.

“काका...”

“बोल ग.”

“पण मला वाटलं होतं, तुम्ही मला घेणार.”

टेपचं जाड टोक माझ्या तळव्याला रुतत होतं. घरात नीलूने नळ सोडल्याचा आवाज आला.

“मलाही वाटलं होतं, बाळा,” मी म्हणालो. मग बेसिंगस्टोक येईपर्यंत आम्ही दोघांनीही फोन ठेवला नाही.