जीप कोणासाठी थांबली होती

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय ते तुमच्यावर फार विश्वास आहे म्हणून, असं मात्र समजू नका—माझा कोणावरच पटकन विश्वास बसत नाही. संशय घेणं हा माझा जुना धंदा आहे.

आरमोरीपासून आत, जंगलाला लागून आमचं गाव. गावच्या जंगलावर ग्रामसभेचा हक्क, आणि त्या ग्रामसभेचा मी सचिव. आमच्या अभ्यासगटात मी पोरापोरींना सांगायचो—सत्ता कोणाचीही असो, अगदी आपलीसुद्धा, तिच्यावर नजर ठेवा. जो प्रश्न विचारत नाही तो रयत. विचारतो तो नागरिक. ऐकायला बरं वाटतं ना? मला तर फारच बरं वाटायचं. त्याच भरात मी सभेकडून एक नियम करून घेतला: बांबूच्या ठेकेदाराला कोणी एकट्यानं भेटायचं नाही, त्याच्या गाडीत बसायचं नाही. भेट झालीच, तर पुढच्या सभेत उभं राहून सांगायचं.

आणि मे महिन्यात एका दुपारी आरमोरीत बस चुकली, तेव्हा मी त्याच्याच जीपमध्ये बसलो.

देणंघेणं काही झालं नाही. हे खरं आहे—पण त्यानं काय सिद्ध होतं? मन साफ असतं तर मी माझ्या दारात उतरलो असतो. मी उतरलो गावाबाहेरच्या पहिल्या घराशी, शेवंताबाईंच्या, आणि मागच्या बांधावरून घर गाठलं.

शेवंताबाई साठीच्या, एकट्या राहणाऱ्या. सही येत नव्हती, पण सभा कधी चुकवली नाही. आमच्याकडे बहुमत चालत नाही. एकाचंही ‘नाही’ असलं तर ठराव थांबतो. त्या वर्षी नाल्याकाठचा बांबू तोडायला सगळं गाव तयार होतं. त्या एकट्या अडून बसल्या—बांबू कोवळा आहे, दोन पावसाळे थांबा. दोन सभा त्यांनी तो ठराव रोखला. मला राग यायचा. आणि—सांगूनच टाकतो—हेवाही वाटायचा. ज्याच्यावर मी भाषणं ठोकायचो, ते ही बाई करत होती.

तिसऱ्या सभेत एकजण उठला. “बाईच्या दारात ठेकेदाराची जीप काऊन थांबली होती? हे अडवून राह्यली ते आपला भाव वाढवाले का?”

सगळ्यांच्या माना वळल्या. रजिस्टर माझ्या मांडीवर. एक वाक्य पुरलं असतं—जीप माझ्यासाठी थांबली होती. मी उभा राहिलोसुद्धा. आणि म्हणालो, “प्रश्न इचाराचा हक्क साऱ्यायले हाय. बाई, तुमीच सांगा. सभा ऐकून घेईल.”

किती स्वच्छ वाक्य! नियमाला धरून, न्यायाला धरून. एवढं सभ्य खोटं मी त्याआधी कधी बोललो नव्हतो.

“मी तं तेंदूची पानं तोडाले गेली होती,” त्या म्हणाल्या. “मले नाई माहीत.”

कोणी विश्वास ठेवला नाही. कसा ठेवतील? विश्वास ठेवू नका, हे मीच शिकवलं होतं. त्या पदर सावरून निघून गेल्या. पुढच्या सभेला आल्या नाहीत. कधीच आल्या नाहीत. ठराव एकमतानं मंजूर झाला—‘एकमतानं’ हा शब्द माझ्या अक्षरात आहे. बांबू तुटला, आणि नाल्याकाठी नंतर त्यानं नीट कोंब धरला नाही. तेव्हापासून आमच्या सभेत कोणी ‘नाही’ म्हणत नाही. बाहेरगावची माणसं येतात, आमची एकी बघून वाहवा करतात. मी त्यांना चहा पाजतो.

मला वाटायचं, त्यांना माझा संशय असणार. रस्त्यात दिसल्या की मी वाट बदलायचो. यंदा राशनच्या रांगेत मात्र त्या नेमक्या माझ्या पुढे होत्या. वळून म्हणाल्या, “भाऊ, तवा सारे मले चोर समजून राह्यले होते. तुमीच एकटे म्हणले, बाईले बोलू द्या. मी ते नाई इसरली.”

मी मान हलवली. दुसऱ्या दिवशी त्यांनी परसातल्या वालाच्या शेंगा घरी पाठवल्या. आम्ही त्या शिजवून खाल्ल्या.